नाण्याची प्रत आणि दुसरी पारख

संग्राहकाच्या हाती आलेल्या जुन्या नाण्याविषयी दोन प्रश्न नेहमीच उपस्थित होतात. नाणे अस्सल आहे काय, हा पहिला. आणि टांकसाळीतून बाहेर पडल्यानंतर ते कितपत चांगल्या स्थितीत टिकून राहिले आहे, हा दुसरा. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे शुल्क घेऊन देण्याचे काम गेल्या अर्धशतकात काही व्यावसायिक कंपन्यांनी पत्करले आहे. अशी कंपनी नाणे तपासते, त्याच्या स्थितीनुसार त्याला एक अंक देते आणि पारदर्शक, कठीण प्लास्टिकच्या डबीत ते कायमचे बंद करून टाकते. डबीतील चिठ्ठीवर नाण्याचे नाव, वर्ष, मिळालेला अंक आणि नोंदणी क्रमांक छापलेला असतो. या सर्व क्रियेला नाण्याची प्रतवारी किंवा प्रमाणन असे म्हणतात.

प्रमाणन एकदा झाले म्हणजे प्रश्न कायमचा सुटला, असे मात्र होत नाही. दिलेला अंक कमी आहे असे मालकास वाटू लागते. डबीवर चरे पडतात. चिठ्ठीवरील वर्णन चुकीचे निघते. एका कंपनीपेक्षा दुसरीच्या अभिप्रायाला बाजारात अधिक भाव आहे असे ऐकिवात येते. मग तेच नाणे पुन्हा तपासून घ्यावे की आहे तसेच राहू द्यावे, हा विचार सुरू होतो. वरवर पाहता हा प्रश्न हौसेचा वाटतो. तथापि त्यात पैसा, नाण्याची सुरक्षितता आणि देशाचा कायदा या तिन्ही गोष्टी गुंतलेल्या असतात. म्हणून त्याचा क्रमवार विचार करणे इष्ट ठरेल.

पोतदार आणि बट्टा

नाणे दुसऱ्यांदा पारखून घेण्याची कल्पना महाराष्ट्राला नवीन नाही. मराठी राज्यात एकाच वेळी अनेक टांकसाळींचे रुपये चालत असत. अंकुशी, चांदवडी, हाळी सिक्का अशी त्यांची नावे कागदपत्रांतून वारंवार भेटतात. त्यांचे वजन व कस सारखा नसे, आणि वापराने होणारी झीजही निरनिराळी असे. म्हणून सरकारी भरणा स्वीकारताना नाणी पारखण्यासाठी पोतदार नावाचा अधिकारी असे. गावगाड्यातही हे काम बहुधा सोनाराकडे असे. पोतदार हे आडनाव आजही त्या व्यवसायाची आठवण करून देते.

पोतदार किंवा सराफ रुपया वाजवून पाही, कसोटीवर घाशी, तोलून पाही, आणि त्यातील उणिवेप्रमाणे बट्टा कापून घेई. टांकसाळ दूरची असली, नाणे जुने असले किंवा अधिक झिजलेले असले, की बट्टा वाढे. कित्येकदा सराफ आपल्या पारखीची खूण म्हणून रुपयावर बारीक ठसा उमटवी किंवा छिन्नीचा टाका मारी. तोच रुपया दुसऱ्या बाजारपेठेत गेला म्हणजे तेथील सराफ त्याची पुन्हा पारख करी व आणखी एक खूण त्यावर पडे. अशा खुणांनी भरलेले रुपये आजही पाहावयास मिळतात. प्रत्येक पारखीने रुपयावरील विश्वास वाढला असेल. पण रुपया मात्र प्रत्येक वेळी थोडा बिघडला. दुसऱ्या पारखीचा हा दुहेरी परिणाम पुढील सर्व विवेचनात ध्यानात ठेवावयाचा आहे.

१८३५ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या सर्व मुलखासाठी एकच रुपया ठरला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी असे. पुढील कायद्यांनी झिजेची मर्यादाही घालून दिली. ठरलेल्या वजनापेक्षा दोन टक्क्यांहून अधिक घटलेला रुपया कायदेशीर चलन राहत नसे. व्यवहारात नाण्यांची पारख करण्याची गरज यामुळे हळूहळू ओसरली. पुढे चांदीचे रुपये चलनातून गेले आणि संग्राहकांच्या कपाटात शिरले, तेव्हा पारखीचा प्रश्न नव्या रूपात परत आला. आता प्रश्न कसाचा नव्हता; झीज किती सूक्ष्म आहे, हा होता.

एक ते सत्तर

आज सर्वत्र प्रचलित असलेली अंकांची पद्धती अमेरिकेत जन्मली. विल्यम शेल्डन या मानसशास्त्रज्ञाने १९४९ साली अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्याने नाण्याच्या स्थितीसाठी १ ते ७० असे मापन सुचविले. जेमतेम ओळखू येण्याजोग्या नाण्यास १ आणि निर्दोष नाण्यास ७०. त्या काळच्या बाजारात अशा दोन नाण्यांच्या किमतींत जे अंतर होते, त्यावरून हे आकडे ठरविले होते. किमतींचे ते प्रमाण लवकरच बदलले, पण अंक तेवढे टिकून राहिले. १९७७ मध्ये अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनने प्रतवारीची अधिकृत मानके प्रसिद्ध केली, तेव्हा शेल्डनचीच मापनपद्धती स्वीकारली. प्रोफेशनल कॉइन ग्रेडिंग सर्व्हिस या कंपनीचे काम १९८६ साली आणि न्यूमिस्मॅटिक गॅरंटी कॉर्पोरेशनचे १९८७ साली सुरू झाले. नाणे डबीत बंद करून अंक देण्याची प्रथा त्यांनी रूढ केली.

या मापनात ६० ते ७० हे अंक चलनात न आलेल्या नाण्यांसाठी राखून ठेवलेले आहेत. ५० ते ५८ या पट्ट्यात नाण्याच्या केवळ उंच भागांवर, म्हणजे राजाच्या गालावर किंवा मुकुटाच्या कडेवर, किंचित झीज दिसते. त्याखाली चाळिशीत व तिशीत झीज स्पष्ट होत जाते, आणि दहाच्या खाली अक्षरेच पुसट होतात. ज्या नाण्यात कृत्रिम दोष आढळतो, म्हणजे जे घासून स्वच्छ केले आहे, ज्यास भोक पाडले आहे किंवा ज्यावरील कड्याचा डाग काढला आहे, त्यास सर्वसाधारणतः पूर्ण अंक मिळत नाही. ते अस्सल असल्याचे सांगून दोषाचा उल्लेख चिठ्ठीवर केला जातो. बाजारात अशा नाण्याचा भाव बराच खाली येतो.

एकाच नाण्याच्या दोन प्रती

तराजूत घातलेल्या वस्तूचे वजन दोनदा केले तर दोन्ही वेळा तेच येते. प्रतवारीचे तसे नाही. ती डोळ्यांनी केलेली पारख आहे. दोन किंवा अधिक परीक्षक दिव्याच्या तेजस्वी प्रकाशात नाणे तिरपे धरून पाहतात आणि पुष्कळदा काही सेकंदांतच मत बनवितात. झीज, ओरखडे, ठशाचा ठळकपणा, मूळची चकाकी आणि एकंदर देखणेपणा हे सर्व घटक एका अंकात सामावावयाचे असतात. ६२ आणि ६३ यांमधील अंतर हे कित्येकदा गालावरील एका ओरखड्याचे असते. काठावरचे नाणे आज ६२ आणि सहा महिन्यांनी ६३ ठरले, तर त्यात आश्चर्य नाही. त्याचप्रमाणे ते ६१ ठरले तरीही नाही.

याखेरीज काळाबरोबर परीक्षकांची दृष्टीही बदलते. एखाद्या काळात कंपन्या कडक असतात, एखाद्या काळात सैल. जुन्या डब्यांतील नाणी आजच्या मानाने कमी अंकाची आहेत, अशी समजूत त्यामुळेच संग्राहकांत पसरली आहे. ती सर्वच नाण्यांना लागू पडत नाही. जुन्या डबीतील जी नाणी वर चढण्याजोगी होती, त्यांतील बरीचशी व्यापाऱ्यांनी केव्हाच निवडून पुन्हा तपासून घेतली आहेत. उरलेली नाणी बहुधा ज्या अंकास पात्र आहेत तोच अंक बाळगून आहेत.

वर्णनाच्या बाबतीत मात्र ज्ञानाची वाढ हे पुनर्प्रमाणनाचे रास्त कारण ठरू शकते. व्हिक्टोरिया राणीचे १८६२ हे साल असलेले रुपये याचे चांगले उदाहरण आहे. त्या सालानंतर सुमारे एक तप टांकसाळींनी रुपयावरील साल बदललेच नाही. १८७४ पासून ते दरवर्षी बदलू लागले. मधल्या काळात मुंबईच्या टांकसाळीने रुपयांवर बारीक ठिपक्यांची योजना केली होती. अभ्यासकांनी या ठिपक्यांचा अर्थ लावल्यानंतर एकाच सालाच्या रुपयांत अनेक प्रकार वेगळे करता आले. जुन्या चिठ्ठीवर या प्रकाराचा उल्लेख नसेल आणि तो प्रकार दुर्मिळ असेल, तर नवी चिठ्ठी मिळविण्यात अर्थ आहे. कलकत्ता व मुंबई येथील टांकसाळींनी संग्राहकांसाठी जुन्या ठशांवरून पुन्हा पाडलेल्या नाण्यांबाबतही असेच म्हणता येईल. मूळ नाणे आणि पुन्हा पाडलेले नाणे यांच्या किमतींत फार मोठा फरक असतो.

पुनर्प्रमाणनाचे प्रकार

पुनर्प्रमाणन हा एकच शब्द चार निरनिराळ्या क्रियांसाठी वापरला जातो, आणि निर्णयातील पुष्कळसा गोंधळ त्यातूनच उद्भवतो.

पहिल्या प्रकारात केवळ डबी बदलली जाते. डबीला तडा गेला असेल किंवा ती चरे पडून धूसर झाली असेल, तर कंपनी तेच नाणे त्याच अंकासह नव्या डबीत घालून देते. चिठ्ठीवर छपाईची उघड चूक असेल, तर तिचीही दुरुस्ती अशीच होते. येथे जोखीम सर्वांत कमी असते.

दुसऱ्या प्रकारात त्याच कंपनीकडून अंकाचा फेरविचार करविला जातो. तिसऱ्यात एका कंपनीच्या डबीतील नाणे दुसऱ्या कंपनीकडे पाठविले जाते. येथे मालकाला किमान अंकाची अट घालता येते. नव्या कंपनीच्या मते नाणे त्या अंकास पात्र नसेल, तर ते मूळ डबीतून न काढता परत पाठविले जाते. शुल्क मात्र सामान्यतः द्यावेच लागते.

चौथा प्रकार सर्वांत धाडसाचा. त्यात मालक स्वतःच डबी फोडून नाणे मोकळे करतो आणि जणू ते प्रथमच येत आहे अशा रीतीने तपासणीस पाठवितो. आधीच्या अंकाचा परीक्षकावर प्रभाव पडू नये, हा त्यामागील हेतू. परंतु डबी फोडताना पक्कड किंवा हातोडी निसटली तर नाण्यावर ओरखडा पडतो आणि तो कोणत्याही उपायाने जात नाही. शिवाय कंपनीने दिलेली हमी त्या क्षणी संपते. डबीतील नाणे खोटे किंवा अवाजवी अंकाचे निघाले, तर भरपाई देण्याची जबाबदारी कंपनीवर असते. डबीबाहेरच्या नाण्याबाबत ती नसते. पूर्वी एखाद्या परीक्षकाच्या नजरेतून सुटलेला घासल्याचा दोष पुढच्याच्या नजरेस पडला, तर पूर्ण अंकाचे नाणे सदोष ठरून परत येण्याचीही शक्यता असते.

जामुलमधील एक रुपया

हा विचार प्रत्यक्षात कसा लागू होतो, हे पाहण्यासाठी मोठ्या लिलावगृहांपासून दूर असलेले एखादे गाव घेणे उपयुक्त ठरेल. छत्तीसगडमधील दुर्ग जिल्ह्यात भिलाईला लागून जामुल हे गाव आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन फेब्रुवारी १९५९ मध्ये झाले. जामुलची ओळख तेथील सिमेंटच्या कारखान्यामुळे झाली. या औद्योगिक पट्ट्यात देशाच्या सर्व भागांतून माणसे आली, त्यांत नागपूर व विदर्भाकडील मराठी कुटुंबेही होती. या भूमीशी मराठी लोकांचा संबंध त्याहून जुना आहे. अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८५४ पर्यंत छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते.

समजा, जामुलमधील अशा एका कुटुंबाकडे पंचम जॉर्जचा १९११ सालचा रुपया आहे. हा रुपया संग्राहकांना चांगलाच परिचित आहे. राजाच्या झग्यावरील साखळीत एक छोटा हत्ती कोरला होता. त्याची सोंड इतकी आखूड उतरली की तो डुकरासारखा दिसू लागला. त्यावरून लोकांत, विशेषतः मुसलमान समाजात, नाराजी पसरली. सरकारने ते रुपये मागे घेतले, बहुतेक वितळविले आणि १९१२ च्या ठशात हत्तीची सोंड स्पष्ट केली. म्हणूनच १९११ च्या रुपयाला मागणी आहे. या कुटुंबातील परदेशी गेलेल्या मुलाने तो तेथील लिलावात घेऊन वडिलांना भेट दिला. डबीवर ६२ हा अंक आहे. पुढे वडील निवर्तले, आणि आता नातीच्या महाविद्यालयीन शिक्षणासाठी रुपया विकावा असा घरात विचार चालू आहे. पाहावयास आलेला व्यापारी म्हणतो, अंक ६३ असता तर आपण अधिक दिले असते. नाणे पुन्हा तपासून घेण्याचा विचार अशाच वाक्यातून जन्म घेतो.

त्याच घरात आजीच्या पेटीतील काही सुटे रुपयेही असू शकतात. त्यांची स्थिती डबीतील रुपयापेक्षा अगदी भिन्न असते. दरवर्षी लक्ष्मीपूजनाला ते चिंचेने किंवा राखेने उजळले गेले, त्यांना पंचामृताचे स्नान घातले गेले, हळदकुंकू वाहिले गेले. काही एकेकाळी माळेत ओवलेले होते आणि त्यांच्या कडेला कड्याचा डाग आहे. घराच्या दृष्टीने ही प्रत्येक खूण मोलाची आहे. परीक्षकाच्या दृष्टीने ती दोषाची आहे. अशा रुपयांचे प्रमाणन करून घेण्यात सामान्यतः शुल्कसुद्धा वसूल होत नाही. ते घरातच राहावेत, हे उत्तम.

डबीतील रुपयाच्या संदर्भात स्थानिक हवामानाचाही विचार केला पाहिजे. प्लास्टिकची डबी पूर्णपणे हवाबंद नसते. कोळशाच्या धुरातील गंधकयुक्त वायू चांदीशी संयोग पावून रौप्य सल्फाइडचा थर निर्माण करतात आणि चांदी प्रथम पिवळसर, मग निळसर व शेवटी काळी पडते. पावसाळ्यातील दमट हवा या क्रियेला मदत करते. वीस वर्षांपूर्वी चकाकीसाठी ६२ अंक मिळालेल्या रुपयाची चकाकी आज तेवढी राहिली असेलच असे नाही. अशा वेळी फेरविचाराची मागणी करणे म्हणजे अंक कमी होण्याचा धोका पत्करणे होय. कारखान्याच्या परिसरातील बारीक धूळ कोरड्या फडक्याने पुसली तर डबीवरच चरे पडतात, आणि मग नाणेच खराब झाले आहे असा भास होतो. म्हणून पुनर्प्रमाणनाचा विचार करण्यापूर्वी दोष डबीवर आहे की नाण्यावर, हे भिंगातून पाहून निश्चित करावे.

हिशेब

आता किमतीचा विचार करू. पुढील आकडे केवळ उदाहरणासाठी कल्पिलेले आहेत. वाचकाने त्यांच्या जागी आपल्या नाण्याचे प्रत्यक्ष आकडे घालावेत. समजा, ६२ अंकाच्या रुपयाची किंमत ४०,००० रुपये, ६३ ची ५२,००० आणि ६१ ची ३२,००० आहे. तपासणीचे शुल्क, विमा, टपाल व मध्यस्थाचा मोबदला मिळून ९,००० रुपये खर्च येतो. दहा वेळा तपासणी केली तर दोनदा अंक वाढेल, एकदा कमी होईल आणि सात वेळा तोच राहील, असे धरू.

दहा प्रयत्नांत दोनदा १२,००० म्हणजे २४,००० रुपयांचा लाभ. एकदा ८,००० रुपयांची हानी. निव्वळ लाभ १६,०००. एका प्रयत्नावर तो सरासरी १,६०० रुपये पडतो. खर्च मात्र प्रत्येक वेळी ९,००० रुपये आहे. तात्पर्य, या उदाहरणात पुनर्प्रमाणन करणे म्हणजे प्रत्येक वेळी सुमारे ७,४०० रुपये गमावणे होय.

या हिशेबावरून एक सर्वसाधारण नियम निघतो. एका अंकाने पडणारा किमतीतील फरक खर्चाच्या अनेक पट असेल आणि नाणे खरोखरच काठावर असेल, तेव्हाच हा व्यवहार विचार करण्याजोगा ठरतो. अत्यंत दुर्मिळ नाण्यांच्या बाबतीत असे घडते. सामान्य नाण्यांच्या बाबतीत लाभ होतो तो मुख्यतः तपासणाऱ्या कंपनीचा. व्यापाऱ्याने उच्चारलेल्या वाक्याचाही येथे नीट अर्थ लावला पाहिजे. अंक वाढला असता तर अधिक किंमत दिली असती, हे तो सांगतो. अंक वाढेल असे तो सांगत नाही. त्याच्या मनात तशी खात्री असती, तर त्याने तो रुपया ६२ च्या भावाने घेऊन स्वतःच तपासणीस पाठविला असता.

शंभर वर्षांची मर्यादा

भारतातील संग्राहकाला आणखी एका गोष्टीचा विचार करावा लागतो. परदेशी संग्राहकाच्या मार्गदर्शिकांत तिचा उल्लेख सहसा नसतो. ज्या कंपन्यांच्या अंकाला जगभर मान आहे, त्यांची मुख्य कार्यालये अमेरिकेत आहेत. नाणे तेथे पाठविणे म्हणजे कायद्याच्या भाषेत ते निर्यात करणे होय. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमाप्रमाणे किमान शंभर वर्षे अस्तित्वात असलेली वस्तू पुरावशेष ठरते, आणि या व्याख्येत नाण्यांचा स्पष्ट निर्देश आहे. केंद्र सरकार किंवा त्याने अधिकृत केलेली संस्था यांच्याखेरीज अन्य कोणालाही पुरावशेषाची निर्यात करता येत नाही. उल्लंघन करणाऱ्यास किमान सहा महिने व कमाल तीन वर्षे कारावासाची तरतूद आहे.

१९११ चा रुपया २०११ साली या मर्यादेत आला. मुंबईच्या टांकसाळीत १९१८ साली पाडलेले सोन्याचे पौंड आणि पंधरा रुपयांच्या मोहरा २०१८ मध्ये आल्या. १९३९ चा दुर्मिळ रुपया २०३९ पर्यंत आणि वाघाचे चित्र असलेला १९४७ चा निकेलचा रुपया २०४७ पर्यंत त्या बाहेर राहतील. दरवर्षी एकेक साल ही सीमा ओलांडते. व्याख्या वस्तूच्या वयाकडे पाहते. ती वस्तू मुळात परदेशातून विकत आणली होती, एवढ्याने सुटका होते असे गृहीत धरता येत नाही. म्हणून जामुलमधील त्या कुटुंबाने आपला रुपया पाकिटात घालून अमेरिकेस पाठविणे, किंवा सुटीवर आलेल्या मुलाच्या सामानात ठेवून देणे, हे दोन्ही मार्ग वर्ज्य होत. नाण्याच्या वयाबद्दल संदेह असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे चौकशी करावी. त्या विभागाकडून वस्तू पुरावशेष नसल्याचा दाखला देण्याची व्यवस्था आहे. रुपया परदेशातून आणल्याची पावती व सीमाशुल्काचे कागद असतील, तर ते जपून ठेवावेत. पुढे विक्रीच्या वेळी मालकी सिद्ध करण्यासाठी डबीवरील अंकापेक्षा त्यांचाच उपयोग अधिक होईल.

अंकात न मावणारी नाणी

छत्तीसगडच्या भूमीत अशीही नाणी सापडली आहेत, की ज्यांच्यापुढे १ ते ७० चे मापनच अपुरे पडते. इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकांतील महेंद्रादित्य व प्रसन्नमात्र यांची सोन्याची नाणी पातळ पत्र्याची आहेत. पत्रा मागच्या बाजूने दाबून पुढील बाजूवर गरुड, शंख, चक्र व अक्षरे उठविलेली आहेत. मागील बाजू पोकळ आहे. याच पद्धतीची, नंदीचे चित्र असलेली नल राजांची नाणी बस्तरमधील एडेंगा येथे सापडली. नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी त्यांचे वाचन करून वराहराज, भवदत्त व अर्थपती या तीन राजांची नाणी त्यांत असल्याचे दाखवून दिले. ज्या राजवंशाची माहिती थोड्याच लेखांवरून होती, त्याच्या इतिहासाला या नाण्यांनी बळकटी आणली.

अशा नाण्याचे महत्त्व ते कोठे, कशाबरोबर व केव्हा सापडले यात साठविलेले असते. ठसा व पृष्ठभाग यांना मिळालेले गुण त्याच्या किमतीत भर घालतील, पण त्याचे स्थान सांगणार नाहीत. जमिनीत सापडलेल्या अशा ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यास देणे १८७८ च्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे बंधनकारक आहे. तेव्हा त्याच्या प्रमाणनाचा किंवा पुनर्प्रमाणनाचा विचार करण्यापूर्वी त्याची नोंद होणे अगत्याचे आहे.

निर्णयाचा क्रम

वरील विवेचनावरून संग्राहकाने कोणत्या क्रमाने विचार करावा, हे सांगता येईल. प्रथम डबीवरील नोंदणी क्रमांक कंपनीच्या नोंदींशी ताडून पाहावा, आणि नोंदीत छायाचित्र असेल तर आपले नाणे तेच आहे काय हे पाहावे. खोट्या नाण्यांप्रमाणे खोट्या डब्याही बाजारात आलेल्या आहेत, आणि त्यांवर खऱ्या नाण्याचा क्रमांक छापलेला असू शकतो. त्यानंतर आपल्याला नेमके काय बदलून हवे आहे, हे स्वतःस विचारावे. डबी, चिठ्ठीवरील वर्णन आणि अंक या तीन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्या दोन्हींसाठी पुरेसे कारण असू शकते. तिसरीसाठी कारण शोधताना आशा आणि पुरावा यांत गल्लत होण्याचा संभव असतो.

तिसरी पायरी तज्ज्ञाच्या भेटीची. डबी न उघडताही जाणकार माणूस नाण्याविषयी बरेच काही सांगू शकतो. रायपूरचे महंत घासीदास संग्रहालय आणि नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय येथील नाणी पाहून संग्राहकाला आपली नजर तयार करता येते. नाशिकजवळ अंजनेरी येथे १९८० साली स्थापन झालेल्या संशोधन संस्थेने भारतीय नाण्यांच्या अभ्यासाची परंपरा महाराष्ट्रात रुजविली आहे. ज्याला नाणे विकत घ्यावयाचे नाही अशा जाणकाराचे मत हे सर्वांत विश्वसनीय समजावे. चौथी पायरी हिशेबाची आणि पाचवी कायद्याची. या पाचही पायऱ्या ओलांडूनही ज्या नाण्याबाबत उत्तर होकारार्थी येते, अशी नाणी थोडीच असतात.

जामुलच्या कुटुंबापुरते बोलावयाचे तर, त्यांचा रुपया ६२ अंकासहच विकणे श्रेयस्कर ठरते. त्यांनी करावयाचे ते एवढेच, की डबी मऊ ओलसर फडक्याने पुसावी, नोंदणी क्रमांक तपासावा, खरेदीचे कागद जोडावेत आणि एका व्यापाऱ्याच्या मतावर न थांबता तिघांकडून भाव घ्यावा. तिघांच्या भावांत जो फरक पडेल, तो बहुधा एका अंकाच्या फरकाएवढाच असेल, आणि तो मिळविण्यासाठी नाणे कोठेही पाठवावे लागणार नाही. पूर्वीचा रुपया एका बाजारातून दुसऱ्या बाजारात जाताना प्रत्येक सराफाचा टाका अंगावर घेत असे. या रुपयावर तसा टाका अद्याप पडलेला नाही, हीच त्याची मोठी प्रत होय.